हर्णैत बदली होऊन आलात? बंदराच्या गावात पहिलं वर्ष कसं काढायचं

दापोलीहून उतरत हर्णैला येणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक असतात. एक शनिवार-रविवारचे पर्यटक. दुसरे बँक, शाळा, आरोग्य केंद्र, पोस्ट किंवा वीज कंपनीत बदली होऊन आलेले. हा लेख दुसऱ्यांसाठी आहे. त्यांना इथे दोन-तीन वर्षं काढायची असतात, आणि पहिले सहा महिने गावाचा वेळ कळत नाही म्हणून त्यांचे हाल होतात. कार्यालय दहाला उघडतं, पण गाव घड्याळावर चालत नाही. भरती-ओहोटी, लिलाव आणि वारा यांवर चालतं. हे तीन समजले की घर, बाजार, काम, शेजार हे सगळं आपोआप सोपं होतं.

आधी तिथी शिका

भिंतीवर तिथी असलेलं कॅलेंडर लावा, शक्यतो स्वयंपाकघरात. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा हिशेब असा: त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचार आणि पुन्हा दुपारी चारच्या सुमारास पाणी भरलेलं. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला तिथी पंधरा धरायची, म्हणजे सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे सरकतं.

हा अंदाज आहे, वेळापत्रक नव्हे. अर्धा तास इकडेतिकडे होतो, आणि अष्टमी-नवमीच्या आसपास चूक जास्त पडते. मोबाइलवर किंवा वर्तमानपत्रात बहुधा मुंबईची वेळ असते. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, त्यामुळे हर्णैला ती मुंबईच्या आधी येते. मुंबईची वेळ बघून वाळूवर फिरायला गेलात तर परतीच्या वाटेवर पाणी आलेलं असू शकतं. किनाऱ्याने चालत लांब जायचं असेल तर ओहोटी लागल्यावर निघा आणि पाणी वळायच्या आत परता.

दोन शब्द रोज कानावर येतील. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन दिवस: पाणी खूप वर येतं आणि तितकंच खाली जातं. भांग म्हणजे अष्टमीनंतरचे एक-दोन दिवस: पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, प्रवाह मंद. जाळं कुठलं लावायचं, होडी कधी वाळूवर घ्यायची, माल किनाऱ्यावर कधी उतरवायचा, हे सगळं यावर ठरतं. पावसाळ्यात उधाण आणि मोठा पाऊस एकत्र आले तर खाडीलगतच्या रस्त्यांवर पाणी येतं. त्या दिवशी आंजर्ल्याकडे किंवा खाडीकाठच्या वाडीत काम असेल तर भरतीची वेळ टाळूनच जा.

गाडी वाळूवर उतरवू नका. ओहोटीला वाळू टणक दिसते, म्हणून लोक मोटार थेट पाण्यापर्यंत नेतात. ओल्या वाळूत चाक बसलं की गाडी हलवताना आणखी रुतते, आणि पाणी थांबत नाही. खारं पाणी इंजिनात आणि वायरिंगमध्ये गेलं की गाडी दुरुस्तीनंतरही वर्षभर त्रास देते.

लिलावात मासळी घेणं

हर्णैचा लिलाव किनाऱ्यावर, उघड्या वाळूवर भरतो, सकाळी आणि संध्याकाळी. मोठ्या नौका खोल पाण्यात नांगरलेल्या असतात. तिथून माल छोट्या होड्यांतून येतो आणि बैलगाड्या पाण्यात उतरून तो वाळूवर आणतात. लिलाव पाट्यांचा, टोपल्यांचा किंवा ढिगाचा होतो. बोली लावणारे व्यापारी असतात, नाहीतर पुढे बाजारात विकणाऱ्या बायका. घरच्या चार माणसांसाठी लिलावात बोली लावायला जाऊ नका. एक तर तुम्हाला अख्खी टोपली उचलावी लागेल, आणि दुसरं म्हणजे ज्या बाईचा दिवसाचा धंदा त्या टोपलीवर आहे, तिचा भाव तुम्ही विनाकारण चढवाल. तिने बोलीत घेतलेल्या टोपलीतून तुम्ही किरकोळ घ्यायचं, ही इथली रीत आहे आणि ती सगळ्यांच्या सोयीची आहे.

पद्धत अशी ठेवा.

१. पहिल्या दोन-तीन वेळा फक्त बघा. बोली लावणाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहू नका, मागे राहा. हात वर करून कुणाला हाक मारू नका, ती बोली समजली जाऊ शकते. फोटो काढायचा तर विचारून.

२. सोबत झाकणाचा डबा किंवा थर्मोकोलचा खोका, पाणी गळू नये म्हणून आत जाड पिशवी, आणि सुटे पैसे. कापडी पिशवीतून मासळी नेली की बसमध्ये तुमच्या शेजारी कुणी बसणार नाही. पायात रबरी चप्पल, कारण वाळूत काटे, गळ आणि तुटलेली जाळी असतात.

३. एक-दोन विक्रेत्या मावशी ठरवून ठेवा आणि त्यांच्याकडूनच घ्या. नेहमीच्या गिऱ्हाइकाला शिळं दिलं जात नाही, आणि आज काय घेऊ नये तेही त्या सांगतात. सकाळी पहिलं गिऱ्हाईक असाल तर भवानीच्या वेळी भाव फार पाडू नका, आणि विचारून तसंच निघून जाऊ नका.

४. छोटी मासळी वाट्यावर मिळते: मांदेली, बोंबील, कोळंबी, सौंदाळे, पेडवे. मोठी नगावर किंवा वजनावर. वाटा हातात घेण्याआधी त्याच्या तळाची मासळी बघा. वरची दोन-चार मोठी असतात आणि खाली बारीक, हे सगळ्याच बाजारात होतं.

५. साफ करून हवी असेल तर भाव ठरवतानाच सांगा. कापण्याचे पैसे बहुधा वेगळे असतात. सुरमईच्या तुकड्या किती जाड, डोकं हवं की नको, बांगड्याला नुसत्या चिरा की तुकडे, हे आधी बोला. एकदा कोयता चालला की बदल होत नाही.

ताजेपणा ओळखायला डोळा, कल्ला आणि बोट पुरतात. डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ले उघडल्यावर लाल, आणि बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून यायला हवा. पापलेटचं डोक्याजवळचं अंग दाबून बघतात: पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर किंवा काळपट आलं तर सोडून द्या. बोंबील हातात धरल्यावर ताठ हवा, पाणी सुटून लोंबणारा नको. कोळंबीचं डोकं घट्ट जोडलेलं, आणि वास समुद्राचा, अमोनियाचा नव्हे. शिंपल्या आणि तिसऱ्या मिटलेल्या घ्या. उघडी असेल तिला टिचकी मारा, मिटली नाही तर ती मेलेली आहे. चिंबोरी जिवंतच घ्या आणि हातात तोलून बघा. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ असतात, असं इथे सगळेच सांगतात आणि त्याप्रमाणे घेतात.

बर्फात ठेवलेल्या मासळीचा डोळा थोडा आत जातो, तेवढ्यावरून ती शिळी ठरवू नका. चार-पाच दिवस बाहेर राहिलेल्या नौकेने पहिल्या दिवसापासून नीट बर्फात ठेवलेला मासा, सकाळी पकडून दुपारपर्यंत उन्हात पडलेल्या माशापेक्षा चांगला.

मोठी घोळ क्वचित कापलेली दिसेल. तिचं बोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, परदेशात जाते आणि माशाच्या मांसापेक्षा तिची किंमत कितीतरी जास्त असते. म्हणून ती आधीच काढून घेतलेली असते. त्यात फसवणूक नाही.

बारीक पिल्लं घेऊ नका. पापलेट तळहाताएवढंही नसेल तर ते एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू असण्याचीच शक्यता जास्त. राज्य सरकारने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा जाहीर केलं आणि ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. गिऱ्हाइकाने बारीक माल घेणं थांबवलं तर त्या नियमाला इथे वाळूवर जोर येतो. इथल्या पारंपरिक मच्छीमारांचीच ती मागणी आहे.

बर्फ, आणि बांगड्याची खाज

गरम हवेत मासळीला तिच्या वजनाएवढा बर्फ लागतो. एक किलो मासळीला एक किलो चुरा केलेला बर्फ. तळाला बर्फ, मग मासळी, मग बर्फ, असे थर, आणि वरचा थर बर्फाचाच. वितळलेलं पाणी साचू देऊ नका. खोक्याला खाली छोटं भोक असावं, नाहीतर मासळी त्याच पाण्यात मऊ पडते. मोठे खडे ठेवले तर मासा ठेचला जातो आणि मध्ये हवा राहते, म्हणून चुराच मागा. खेड स्टेशनवरून रेल्वेने घरी मासळी नेणाऱ्यांनी घाटरस्त्याचा वेळही धरून बर्फ घ्यावा.

बांगडा आणि सुरमई यांच्या बाबतीत हे विशेष सांभाळा. हे मासे बर्फाशिवाय काही तास राहिले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं. वास यायच्या आधीच ते पुरेसं झालेलं असू शकतं, आणि तळून किंवा उकळून ते जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात तोंड लाल होणं, अंगाला खाज, डोकं दुखणं सुरू होतं. बरेच लोक याला 'मला मासळीची ॲलर्जी आहे' समजून कायमची मासळी सोडतात. मासा दुपारभर उन्हात पडलेला होता का, हे आधी विचारा. श्वास लागला किंवा ओठ सुजले तर मात्र विचार करत बसू नका, दवाखाना गाठा.

वर्षाचा हिशेब

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. हे ६१ दिवस बऱ्याच माशांच्या प्रजननाचे, आणि समुद्रही तेव्हा खवळलेला असतो. मे महिन्याच्या शेवटी नौका वर ओढल्या जातात आणि झावळ्या-ताडपत्रीने शाकारल्या जातात. त्या आठवड्यात वाळूवर भरपूर माणसं लागतात. शेजाऱ्याच्या होडीला दोराला हात लावायला गेलात तर कुणी नको म्हणत नाही. पण तांडेल, म्हणजे नौकेवरचा प्रमुख, सांगेल तिथेच उभे राहा आणि होडीखालच्या ओंडक्याच्या पुढे पाय ठेवू नका.

ऑगस्टला बंदी उठते, तरी बरेच जण नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावरच बाहेर पडतात. समुद्र शांत व्हायला तेवढा वेळ लागतोच. हंगामाच्या सुरुवातीला पापलेट आणि कोळंबी भरपूर, ऑक्टोबरपासून बांगडा आणि सुरमई. एप्रिल-मेमध्ये मासळी कमी आणि महाग. आठवड्याचा हिशेबही लक्षात ठेवा: बुधवार, शुक्रवार, रविवारी मागणी जास्त. सोमवारी, गुरुवारी, चतुर्थीला, एकादशीला आणि श्रावणात ती कमी, तेव्हा भाव उतरतो.

पावसाळ्याची बेगमी, म्हणजे आगोट, एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत भरा. उशीर केलात तर वळिवाच्या पावसाने भिजलेला माल मिळतो. चार माणसांच्या घराला साधारण एक किलो जवळा, अर्धा किलो सोडे, शंभरेक सुके बोंबील आणि थोडे खारे बांगडे पुरतात. बोंबील घेताना वाकवून बघा: कडक वाळलेला मोडतो, दमट असलेला वाकतो. रंग फिकट पिवळसर असावा, लालसर झालेला घेऊ नका. घरी आणल्यावर दोन दिवस कडक ऊन दाखवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच हवाबंद डब्यात भरा. गरम असताना झाकण लावलं की आत घाम सुटतो आणि आठ दिवसांत बुरशी धरते. जुलैमध्ये ऊन पडेल त्या दिवशी डबा उघडून बघा. ऊन नसेल तर तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा थंड करून भरा.

सुकवणीच्या दिवसांत वास येतो. त्याबद्दल तक्रार करू नका, आणि वाळत घातलेल्या मासळीतून चालत किंवा गाडी काढत जाऊ नका. ती कुणाची तरी चार महिन्यांची कमाई असते. आभाळ भरून आलं आणि ती गोळा करायला माणूस कमी दिसला तर टोपली उचलून मदतीला जा. गावात ओळख व्हायला याहून चांगली संधी मिळत नाही.

कामाच्या वेळा कशा ठरवायच्या

बदलीवर आलेल्यांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. कर्जमेळावा, पालकसभा, लसीकरण, बचत गटाची बैठक लिलावाच्या वेळेला ठेवली तर कुणी येणार नाही, आणि बायका तर नक्कीच नाही. विक्री, साफसफाई, सुकवणी, हिशेब हे सगळं त्यांच्याच अंगावर असतं. दुपारी एक ते तीन ही वेळ बहुधा चालते, पण ती ठरवण्याआधी त्या वाडीतल्या एखाद्या ताईंना विचारा. नौका किती दिवसांनी येणार हे घरातल्यांनाच माहीत असतं.

जून-जुलै सगळे घरी असतात. कागदपत्रं, खाती, शिबिरं, घरभेटी तेव्हाच उरका. मात्र हप्ते वसूल करायला हे महिने वाईट, कारण हातात पैसा नसतो. दुकानदारही तेव्हा खात्यावर माल देतात आणि हंगाम सुरू झाल्यावर फेड होते. हप्त्याची रचना हंगाम बघून केली तर थकबाकीची निम्मी भांडणं होतच नाहीत. गणपती आणि शिमग्याला बहुतेक नौका बंदरात असतात. समुद्रात कुणी दगावलं तर अनेकदा होड्या किनाऱ्यावरच राहतात. त्या दिवशी कामाचं बोलू नका, घरी जाऊन या.

नौकांवरचे अनेक खलाशी नेपाळ, कर्नाटक, उत्तर प्रदेशातून आलेले असतात. आरोग्य केंद्रात किंवा बँकेत ते आले तर कागदावरचा पत्ता लांबचा असणार, हे गृहीत धरा.

घर

भाड्याचं घर बघायला शक्यतो मेमध्ये जा. विहिरीचं पाणी तेव्हा खरं काय ते दाखवतं: साबणाला फेस येत नसेल आणि चव मचूळ असेल तर पिण्याचं पाणी कुठून येतं हे आधी ठरवून घ्या. पश्चिमेकडची खिडकी हिवाळ्यात छान वाटते, पावसात तिथूनच पाणी आत येतं. दापोली भागात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पडवीला झड, म्हणजे पावसाचा आडोसा, बांधायची कोणी, घरमालकाने की तुम्ही, हे मेमध्येच बोला. खाऱ्या हवेने लोखंड गंजतं. दुचाकी आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा आणि साखळीला तेल द्या. पितळी किंवा स्टीलची कुलपं घ्या.

मासळीची घाण गटारात टाकू नका, तुंबते आणि कुत्री जमतात. माडाच्या आळ्यात वीतभर खोल पुरा. धुतलेलं पाणीही झाडांनाच घाला.

माणसांत वावरताना

कोळी, खारवी, भंडारी, मुसलमान अशी मिश्र वस्ती आहे. वयाने मोठ्या बाईला मावशी, मुसलमान शेजाऱ्यांना चाचा-चाची, नौकेच्या मालकाला नाखवा म्हटलं की बोलणं सुरू होतं. होडीवर चढताना चपला काढा. पसरलेलं जाळं ओलांडू नका, वळसा घाला. कामावर निघालेल्याला 'कुठे चाललात' विचारू नका. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. तुमच्या दारी येणार असेल तर अंगण सारवून किंवा धुवून रांगोळी, आणि ओटीला तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू, सुपारी एवढं तयार ठेवा. वर्गणी मागायला आले तर शेजारी किती देतात तेवढी द्या, भरमसाट नको.

किनाऱ्यावर रात्री कासव वर येताना दिसलं तर टॉर्च बंद करा, लांब उभे राहा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आंजर्ले आणि वेळास इथे ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात.

बावटा आणि अडीअडचण

वादळाची सूचना बंदरात बावट्याने देतात. 'तीन नंबरचा बावटा लागला' हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकाल: बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका, नौका बाहेर नेऊ नका. एक आणि दोन नंबर म्हणजे हवामान दूर समुद्रात बिघडलं आहे. पाचपासून पुढे वादळाचा प्रत्यक्ष धोका, आठ ते दहा म्हणजे मोठा धोका. हर्णैच्या नौका अशा वेळी आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात. बाजारात एकदम गर्दी ओसरली आणि होड्या खाडीकडे निघाल्या की तुम्हीही पाणी भरून ठेवा, मोबाइल चार्ज करा आणि छपरावरच्या सुट्या वस्तू खाली घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर या भागातल्या बऱ्याच गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. मेणबत्त्या, काड्यापेटी, आठवड्याचं धान्य आणि लागणारी औषधं जूनच्या आधीच घरात असू द्या.

शिंगाळा किंवा पाकट हे मासे हाताळताना काटा लागला तर प्रचंड ठणका लागतो, कारण काट्यात विष असतं. जखम स्वच्छ धुवा आणि ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवा. उष्णतेने विषाचा जोर कमी होतो. पाणी किती गरम आहे ते न दुखावलेल्या हाताने तपासा, सुन्न झालेला हात भाजला तरी कळत नाही. काटा खोल रुतला असेल, किंवा छाती-पोटाला लागला असेल, तर तो उपटू नका, तसंच दवाखान्यात न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायलाच हवं.

समुद्रात कुणी अडचणीत दिसलं तर तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, आणि इतर वेळी ११२. हे तीन आकडे दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून लावा. फोन लावण्याबरोबरच बंदरावर माणूस पळवा, कारण सगळ्यात जवळची होडी तिथेच असते.